बक्कलावरची गाठ

"हात वर," मावशी म्हणाली. मास्तरांनी मुकाट्यानं दोन्ही हात वर केले.

तिनं त्यांच्या नारिंगी जाकिटाचं बक्कल लावलं. टक्. एवढ्यावर थांबेल तर ती मावशी कसली! पट्ट्याची उरलेली दोन टोकं तिनं ओढून घेतली, बक्कलावर एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी, आणि सगळा जीव लावून आवळली.

"अहो, मला नदीपलीकडे शाळेत जायचंय," मास्तर म्हणाले. "पोतं बांधल्यासारखं काय बांधताय?"

"पोचलात की मग बोला."

रांगेतले हसले, पण लगेच गप्प झाले. मावशीच्या मागे सुरक्षा खात्याचे साहेब येऊन उभे होते.

"ताई, सोडा ती गाठ," साहेब म्हणाले.

वर्षापूर्वी याच धक्क्यावरून निघालेली होडी भर नदीत उलटली होती. मावशीचे यजमान तिच्यातच गेले. सरकारला नावं ठेवायला कुणाला आवडत नाही? पण त्यानंतरची कामं चोख झाली होती, हे कबूल करायला हवं. नवी होडी आली. किती माणसं बसली की पुरे, ते सांगणारी लाल रेघ तिच्या अंगावर ओढली गेली. धक्क्याला कठडा बसला, प्रत्येकाला जाकीट आलं, आणि ते घालून देण्याची नोकरी मावशीला मिळाली. महिन्याभरात सगळे तिला गाठवाली मावशी म्हणायला लागले.

साहेबांनी खिशातून वीतभर कापलेला पट्टा काढला. त्याच्या मधोमध मावशीची दुहेरी गाठ तशीच होती.

"गेल्या आठवड्यातलं हे. पलीकडे उतरता उतरता एका आजोबांना चक्कर आली, श्वास कोंडला. जाकीट काही निघेना. सुरीनं कापावं लागलं. बक्कल असं केलंय, की एका बोटानं उघडावं. तुम्ही त्याच्यावर गाठ मारून ठेवता."

"माहितीय," मावशी म्हणाली. त्या आजोबांना ती दोनदा घरी जाऊन भेटून आली होती. "चुकलंच माझं. पण हात ऐकत नाहीत, साहेब. ह्यांचं जाकीट सापडलं ना, तेव्हा बक्कल उघडलेलं होतं. मीच बळेबळे घालायला लावलं होतं त्यांना."

साहेबांनी मास्तरांच्या जाकिटावर बोट ठेवलं.

"ती जाकिटं जुनी होती," ते म्हणाले. "ही मी स्वतः घालून पाण्यात उडी मारलीय. आणि मला पोहता येत नाही."

मावशीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"पुन्हा गाठ दिसली, तर या जागेवर दुसरं कुणीतरी नेमावं लागेल. ते माझ्याकडून करून घेऊ नका," असं म्हणून त्यांनी तो पट्टा तिच्या हातात दिला. "हे बघून आठवण ठेवा. दुपारी परत द्या, अहवालाला जोडायचाय."

पट्टा खिशात टाकून तिनं मास्तरांची गाठ सोडवायला घेतली. तिला स्वतःलाच ती पटकन सुटेना. शेवटी ती सुटली आणि मास्तर होडीत जाऊन बसले. त्यांच्यानंतर एकेक जण पुढे येत गेला. टक्. टक्. दर वेळी तिचे हात टोकांकडे जायचे आणि परत यायचे.

सगळ्यात शेवटी धावतपळत आली ती मावशीची मुलगी. पलीकडच्या दवाखान्यात ती परिचारिका होती आणि वेळेवर निघणं तिच्या कुंडलीतच नव्हतं.

"हात वर," मावशी म्हणाली. टक्. दोन्ही टोकं तिच्या मुठीत आली, आणि मूठ काही उघडेना.

"निघायचं का मुक्काम करायचा?" होडीवाला ओरडला. साहेब नदीकडे तोंड करून उभे राहिले.

मुलगी आईच्या कानाशी वाकली. "मार एक. मी वरून पिशवी धरते, कुणाला दिसणार नाही."

मावशीला मोह झाला, खोटं कशाला बोला? तिनं टोकं एकमेकांत घातलीसुद्धा. मग तिनं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तुझाच श्वास कोंडायचा एखाद्या दिवशी." आणि तिनं टोकं सोडून दिली. ती मुलीच्या पोटावर नुसतीच लोंबत राहिली. "जा आता. लोक खोळंबलेत."

होडी निघाली. मावशी कठड्याशी जाऊन उभी राहिली, एक हात खिशात घालून. साहेबही शेजारी येऊन थांबले. मध्यावर पाण्याला ओढ होती. तिथे होडी थोडी तिरपी झाली. मग ती सरळ झाली आणि लहान लहान होत पलीकडे लागली. नारिंगी ठिपके काठावर चढले आणि एकेक करून दिसेनासे झाले. लोक जाकिटं काढत होते.

"बघा, किती पटापट निघाली," साहेब म्हणाले. त्यांच्याही आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "उद्यापासून असंच. आणा तो पट्टा, आताच घेऊन जातो."

मावशीनं खिशातला हात बाहेर काढला. वीतभर पट्टा बोटभर झाला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या गाठी होत्या, एकीवर एक, आणखी एक मारायला जागा नव्हती.

तिनं तो पुन्हा मुठीत घेतला.

"हा असू दे माझ्याकडे, साहेब," ती म्हणाली. "संध्याकाळी पोरगी परत यायचीय. तोवर सोडवून ठेवते."