आभारांची पाळी

पत्र कोटाच्या खिशातच राहू दिलं, तर श्यामरावांचा फायदा अगदी उघड होता. सकाळी साडेआठला ताटात गरम भात. बायकोला, सुनीतीला, दम्याची उबळ आली की पाठ चोळायला एक हक्काचं माणूस. बंगाली शाळेत जाणाऱ्या लेकीच्या, लीनाच्या, तोंडी थोडंफार मराठी. आणि पत्र बहिणीच्या हातात दिलं, तर पदरात पडणार होतं नुसतं पुण्य. ते तर या घरात दर गुरुवारी मिळतच होतं.

आजही गुरुवार होता, त्रेपन्न सालच्या मे महिन्यातला. कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत दत्ताची आरती नुकतीच संपली होती. कोट खुंटीवर होता, आणि श्यामरावांची पाठ खुंटीकडे होती.

आरतीनंतर आभार, हा नियम त्यांनीच घातलेला. एकेकाने तसबिरीपुढे फूल वाहायचं आणि या आठवड्यात देवाने काय दिलं ते मोठ्याने सांगायचं. आभार फक्त देवाचे. घरच्या माणसांचे आभार मानणं श्यामरावांना परकेपणाचं वाटे. शिवाय देवाचं बरं असतं; आभार मानून झाले की तो मागाहून काही मागायला दारात येत नाही. दुसरा नियम त्यांच्या वडिलांपासूनचा. घरात चांगली बातमी कागदावर आली, की कागद आधी देवापुढे. कोपऱ्याला कुंकू लावायचं, मगच चारचौघांत सांगायचं. श्यामरावांच्या बढतीचा हुकूम असाच चार दिवस देवापुढे होता.

खिशातल्या पत्राला मात्र बारा दिवसांत देव दिसला नव्हता.

ते नागपूरच्या एका मुलींच्या शाळेचं होतं. कालिंदीला शिवणाच्या शिक्षिकेची जागा मिळाली होती. राहायला शाळेच्या आवारात स्वतंत्र खोली. एक तारखेच्या आत होकार कळवायचा होता. अर्ज श्यामरावांनीच आपल्या वळणदार अक्षरात लिहिला होता, पत्ता आपल्या कचेरीचा घातला होता. जागा खरंच मिळेल, असं तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. नवरा गेल्यावर ही धाकटी बहीण दोन महिन्यांसाठी म्हणून कलकत्त्याला आली, त्याला नऊ वर्षं झाली होती. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "नकारच असणार. नाहीतर एव्हाना कळवलं नसतं का?"

आज देऊन टाकायचं, असं त्यांनी येताना ट्राममध्ये दोनदा ठरवलं होतं.

लीनाने फूल वाहिलं. "मी अंकात पास केली."

"गणितात पास झाले," आत्याने हळूच दुरुस्त केलं.

सुनीतीने दम्याने आठवडाभर उसंत दिली म्हणून आभार मानले. मग कालिंदीची पाळी. घरचा कर्ता शेवटी, हा रिवाज. पण तिने फूल हातातच ठेवलं.

"दादा, आज तू आधी. मी शेवटी बोलते."

"देवाशी एवढं काय खासगी काढलंत, वन्सं?" सुनीती हसली.

"खासगी कसलं? सगळ्यांदेखतच बोलणार आहे, वहिनी."

श्यामराव पुढे झाले. तसबिरीपुढे आज जास्वंदीची रास होती. कालिंदीने हात सैल सोडून फुलं वाहिली होती. वळावं, खुंटीपर्यंत चार पावलं जावं, एवढंच होतं. तेवढ्यात आतून शिऱ्यातल्या तुपाचा वास आला.

"देवा," ते म्हणाले, "घर एकत्र आहे. कुणाला कुणापासून लांब जावं लागत नाही. तुझे आभार."

कालिंदी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने फूल वाहिलं.

"देवा, माझा दादा माझ्यापासून काही लपवत नाही. तुझे आभार."

श्यामरावांना आत कुठेतरी टोचलं. पण टोचण्यापेक्षा समाधान मोठं होतं. म्हणजे हिला काहीच ठाऊक नाही! शिरा त्यांनी दोनदा मागून घेतला.

सकाळी पूजेला बसल्यावर त्यांनी निर्माल्य उचललं. फुलांच्या खाली एक पोस्टकार्ड होतं, कालिंदीच्या नावाने घरी आलेलं. 'आपले चौकशीचे कार्ड मिळाले. नेमणुकीचे पत्र आपल्या बंधूंच्या कचेरीत पाठवून पंधरा दिवस झाले. होकाराची वाट पाहत आहोत.' भवानीपूर टपालाचा शिक्का कालचा. आणि कोपऱ्याला कुंकू. ज्या बोटाने नऊ वर्षं स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं नव्हतं, त्याच बोटाचा ठसा.

होकाराची तार तिलाही करता आली असती. तिला परवानगी नको होती. बातमी दादाच्या तोंडून हवी होती. काल फूल हातात धरून ती त्याच्यासाठी थांबली होती.

एक तारखेला अजून तीन दिवस होते. श्यामराव कार्ड घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. कालिंदी पाठमोरी बसली होती. तिने वळून पाहिलं नाही.

"दादा, चहा निवतोय."

त्यांनी कार्ड कोटाच्या खिशात पत्राशेजारी ठेवलं, आणि येऊन चहा घेतला.

कालिंदी नागपूरला गेली नाही. त्यावर घरात कधी एक शब्द निघाला नाही. पुढची चौदा वर्षं दर गुरुवारी ती शेवटी बोलली, आणि तेच एक वाक्य बोलली. "वन्संना देवापुढे दुसरं काही सुचतच नाही," असं सुनीती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे.

नागपूरची ती खोली कालिंदीने एकदाच गमावली. श्यामरावांना ती दर गुरुवारी तिच्या हातून काढून घ्यावी लागली.