झाडातली राजकन्या

थायलंडमधल्या चियांग माईत पर्यटकांना जेवण आणि नाच एकाच तिकिटात देणारी ठिकाणं गल्लोगल्ली आहेत. आमच्याकडे मात्र राजकन्याही आहे. आमचा मालक विरोत, त्याने अंगणातल्या म्हाताऱ्या चिंचेला, आमच्याकडे पवित्र झाडांना गुंडाळतात तशी, रंगीत फडकी गुंडाळली आणि रोज माझा नाच संपला की माइकवर सांगायला लागला, "या झाडात विरहाने मेलेली एक राजकन्या राहते."

पर्यटक फोटो काढायचे आणि विसरून जायचे. आमची माणसं कुठली विसरतायत! झाडाखाली नैवेद्याच्या लाल सोड्याच्या बाटल्या आल्या, फांद्यांना राजकन्येसाठी रेशमी पोशाख लटकले, बायका खोडाला पावडर चोळून सालीवर उमटणारा लॉटरीचा आकडा शोधू लागल्या.

धंदा असा वाढला, की बसगाड्या लावायला जागा पुरेना. मग विरोतने चिंच तोडायला लाकूडतोड्या इंथाकाकांना बोलावलं. काका करवत घेऊन आले, फडकी पाहिली, चपला काढून हात जोडले आणि करवत पुन्हा गाडीत ठेवली.

"अहो काका, कसली राजकन्या नि कसलं काय!" विरोत रडकुंडीला आला. "आईशप्पथ, थाप आहे ती. याच झाडाखाली खुर्ची टाकून बसलो होतो, तेव्हा मलाच सुचली."

काकांनी गाडी सुरू केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

 

"सुचली ना, पोरा? मग सुचवली कोणी?"