पेटीवाला

ऑपरेशन थिएटरच्या फळ्यावर बाबांचं नाव वाचलं आणि पेटीवाल्यानं हातातली पेटी खाली ठेवली.

पेटीवाला म्हणजे मोडकी हाडं जोडायचे रॉड, स्क्रू, ड्रिल कंपनीतून आणून सर्जनपुढे मांडणारा माणूस. शहरातल्या चार हॉस्पिटलांत तो रोजचा, पण नाव कुणाला ठाऊक नाही. टोपी, मास्क आणि मधे दोन डोळे, एवढाच तो.

बारा वर्षांपूर्वी त्यानं डॉक्टरकी अर्ध्यात सोडली, तेव्हा बाबा गरजले होते, "या घराची पायरी पुन्हा चढू नकोस!" हा पठ्ठ्याही त्यांच्याच हाडामांसाचा, चढला नाही. आई गेल्याचंसुद्धा महिन्यानं कळलं, तेही एका हॉस्पिटलात पेटीसकट गाठ पडलेल्या नातेवाइकाकडून. आता खोलीवर बोलायला एक भिंत होती, तीही शेजाऱ्याची.

बाबांना कमरेखाली भूल दिलेली, बाकी टक्क जागे. त्यांच्या आणि सर्जनच्या मधे हिरवा पडदा.

"आजोबा, खुबा मोडून पाच दिवस झाले," सर्जन करवादले. "इतके दिवस काय करत होतात?"

"माझं हाड, माझी मर्जी."

तोच खाष्ट आवाज. पेटीवाल्यानं स्क्रूंचा ट्रे उघडला. एकदा 'बाबा' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. पण त्यांनी झिडकारलं तर? आजवर निदान आशा तरी होती.

"घरी कोण असतं, आजोबा?" नर्सनं विचारलं.

"कुणी नाही."

"मुलगाबिलगा?"

"त्याचं नाव काढू नका."

झालं. ओठांवर आलेला शब्द त्यानं गिळला.

"पंच्याण्णव मिलिमीटरचा स्क्रू द्या," सर्जन म्हणाले.

"सर, नव्वद घ्या. पंच्याण्णव आत टोचेल."

सर्जननं मॉनिटरवरचा एक्स-रे पाहिला. "खरंच की. द्या नव्वद."

पडद्यापलीकडे मघापासून चाललेली बाबांची पुटपुट थांबली. सुई टोचली असेल, असं त्याला वाटलं.

ऑपरेशन छान झालं. उरलेले स्क्रू त्यानं दोनदा मोजले, तरी आकडा लक्षात राहीना. बाबांना बाहेर नेताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग पेटी उचलून लिफ्टपाशी आला. डोळे भरून आले होते, पुसायला हात मोकळा नव्हता.

"अहो पेटीवाले, थांबा!" नर्स धापा टाकत आली. "आजोबा बोलावतायत तुम्हाला. तुम्ही यायच्या आत भूल का दिली, म्हणून आमच्याशी भांडतायत."

"मला? कशाला?"

"काय सांगू, हट्टी म्हातारा! पाच दिवसांतलं हे तिसरं हॉस्पिटल. आधीच्या दोन्हीकडे पेटीवाल्याला मास्क काढायला लावला, तोंड पाहिलं, 'हा माझा नव्हे' म्हणाले, आणि तसाच मोडका पाय घेऊन पुढच्या हॉस्पिटलात."