हात हलतोय

दोन वर्षांपूर्वी, राज्य निवडीच्या तोंडावर, घोरपडे सर संयोगिताला म्हणाले होते, "तुझा हात हलतोय, नाव मागं घे." तिनं घेतलं, नेमबाजीही सोडली. तिच्या जागी सरांची मुलगी शिवानी गेली.

आज सरांनीच संयोगिताला मंगळवार पेठेतल्या रेंजवर बोलावलं. शिवानीची नवी एअर रायफल तपासायची होती. खांद्याला लावताच रायफल तिला अंगचीच वाटली. पाच छर्रे झाडले. कागदावर पाचांचं मिळून एकच भोक पडलं.

"सर, तपासायला मलाच का बोलावलं?"

सर भोक न्याहाळत खुशीत म्हणाले, "रायफल पारखायला थिर हात लागतो की! तुझ्याएवढा थिर हात अख्ख्या कोल्हापुरात न्हाय. पहिल्या दिवसापास्नं बघतोय मी."