फरशीची तक्रार

पाळणाघराच्या फरशीनं यमुनाबाईंविरुद्ध तक्रार नोंदवली होती: मारहाण, दोन चापट्या, मूल जागीच रडत होतं.

“अहो, मी फरशीला मारलं!” यमुनाबाईंचा पारा चढला. “ओजस धडपडला, त्यानं भोकाड पसरलं. मग ‘कोणी पाडलं माझ्या सोन्याला? ह्या फरशीनं? हात् मेले!’ म्हणत दिल्या तिला दोन ठेवून. तुमच्या आईनं कधी केलं नाही असं?”

पाळणाघराच्या संचालिका केतकी मॅडमनी स्क्रीनवरून नजर हटवली नाही. “फरशीला पावलं कळतात, पडणं कळतं, मार कळतो. तिची नोंद मला खोडता येत नाही. ओजसच्या आईलाही मेसेज गेलाय. उद्यापासून दार तुम्हाला उघडणार नाही.”

“बावीस वर्षं पोरं सांभाळली मी, एकालाही बोट लावलं नाही. आणि माझा न्याय ही फरशी करणार?”

तेवढ्यात दोन वर्षांचा ओजस धावत आला आणि मॅडमच्या पायाशीच धपकन पडला. यमुनाबाई पुढे झाल्या, तर मॅडमनी हात आडवा घातला. “थांबा. इजा नाही म्हणतेय फरशी.”

कोणी उचलेना. ओजसनं ओठ काढले, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. शेवटी त्यानं स्वतःच इवलासा तळवा उगारला आणि फरशीवर आपटला. “हात् मेये!”

स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: ओजस, वय दोन. हिंसक वर्तन. पहिली नोंद.

मॅडमचा हात झटकून यमुनाबाईंनी त्याला कडेवर उचललं.

“घ्या. आता ह्यालाही दार बंद करा!”