तळ दिसेना

फाल्गुनीच्या चपला हौदाच्या काठावर होत्या. शेजारी-शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. फाल्गुनी मात्र कुठेच नव्हती.

उमेदमल शेठ काठापासून दोन हात लांब थबकले. समोरच्या पाण्यावर साबणाचा फेस होता आणि खाली सगळं ताकासारखं पांढरट, गढूळ. पाच वर्षांची नात त्यात असती तरी दिसली नसती.

"भिकुबाई, फाल्गुनी कोठे शे?"

"आत्ते तं अठेच व्हती, शेठजी," म्हणत कामवाली भिकुबाई बाहेर आली. काठावरच्या चपला पाहिल्या आणि तिच्या हातातलं सूप गळून पडलं. पोर बाहेर गेली असेल या आशेने ती रस्त्याकडे धावत सुटली. घरात तिसरं माणूस नव्हतं. मुलगा महावीर आणि सून शिखा शहाद्याला लग्नाला गेले होते.

हा हौद म्हणजे महावीरची हौस. तो त्याला स्विमिंग पूल म्हणायचा, बाकी म्हसावद गाव हौदच म्हणायचं. शेठजींना तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलत होता. राजस्थानात, लहानपणी, त्यांचा धाकटा भाऊ गावच्या तळ्यात बुडाला होता. पाणी गढूळ होतं. माणसं आत उतरून पायांनी चाचपडत होती आणि आई काठावर उभी होती. हे त्यांनी इथे कधी कुणाला सांगितलं नाही. नात हौदाजवळ दिसली की जीव कासावीस व्हायचा, तेव्हा मुलाला एवढंच म्हणायचे, की हे बुजवून टाक. महावीर ते हसण्यावारी न्यायचा.

मग शेठजींनी स्वतःच तोड काढली. किराणा दुकान घरचंच, घराच्या पुढच्या अंगाला. धुण्याच्या पावडरचा एक डबा त्यांनी गुपचूप हौदाच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत आणून ठेवला. रोज सकाळी मंदिरातून आले, की काठावर चपला काढायच्या, म्हणजे पाय घसरायला नको. एका हाताने काठालगतच्या पेरूची फांदी घट्ट धरायची आणि लांबूनच मूठभर पावडर पाण्यात भिरकावायची. पाणी फेसाळलं. महावीरने फर्मान काढलं, की पाणी नितळ होईपर्यंत कुणी आत उतरायचं नाही. शेठजी मनातल्या मनात खूश झाले.

बिचाऱ्या महावीरने काय नाही केलं? फिल्टरमधली वाळू धुतली. क्लोरीन ओतलं. निम्मं पाणी उपसून बोअरचं नवं भरलं. शिखाच्या जुन्या साडीच्या फडक्यात तुरटी बांधून तळाला सोडली. शेवटी सुरतेच्या एका दुकानदाराने फोनवर सांगितलं, की पाण्यात कुठून तरी साबण जातोय. महावीरने घरात एकेकाला विचारलं, तेव्हा शेठजींच्या हातातली माळ जरा जास्तच भरभर फिरली. पण मुलाचं उतरलेलं तोंड त्यांना बघवेना. त्यांनी पावडर टाकणं बंद केलं.

तरी फेस जाईना. उलट वाढतच गेला. हे काय गौडबंगाल आहे ते शेठजींना कळेना, आणि कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

आता त्या फेसाखाली काय आहे, ते त्यांनाच दिसत नव्हतं. पाणी त्यांनीच गढूळ केलं होतं, स्वतःच्या हाताने, नात वाचावी म्हणून.

त्यांनी एकदा हाक मारली. मग धोतरासकट ते शिडीवरून पाण्यात उतरले. भाऊ गेल्यापासून घोट्याच्या वर पाण्यात न गेलेला माणूस. पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. फेस नाकातोंडात जाऊ लागला, डोळे चुरचुरले. तळ्यातली ती माणसं करत होती तसेच ते पायांनी तळ चाचपडत पुढे सरकले. पाऊल टाकायची भीती वाटत होती, आणि न टाकायचीही.

खोल बाजूला पायाला कापड लागलं. भिजलेलं, कशाभोवती तरी गुंडाळलेलं.

 डोळे मिटून शेठजींनी बुडी मारली, ते दोन्ही हातांनी कवटाळलं आणि धापा टाकत वर आले. साडीच्या फडक्यातलं तुरटीचं गाठोडं होतं. ते छातीशी धरून शेठजी ओक्साबोक्शी रडले.

"दादाजी, काय करी ऱ्हायनात?"

फाल्गुनी काठावर उभी होती. अनवाणी, कोरडी ठणठणीत. दिवसभर भिकुबाईच्या मागे मागे फिरून तिची बोलीही भिकुबाईसारखीच झाली होती. हातात धुण्याच्या पावडरचा नवा पुडा होता. मोटारीच्या खोलीतला डबा संपला होता, म्हणून ती चपला तशाच ठेवून दुकानाच्या गोदामात गेली होती.

शेठजींनी कसंबसं विचारलं, की पोरी, हे कशाला?

"तुम्ही रोज टाकेत ना? आते विसरी गयात. म्हनीसन मी रोज टाकस."

"कोठून टाकस?"

फाल्गुनीने बोट दाखवलं. पेरूच्या झाडाकडे नाही, तर शेठजी गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते त्याच्या अगदी वरच्या, साबणाने बुळबुळीत झालेल्या काठाकडे.

"फांदीले मन्हा हात पुरत नई ना, दादाजी. मंग तठे वाकनं पडस."