पैकीच्या पैकी

“आईचं काही खरं नाही आता, विसरायला लागलीय. बाळाला तिच्या भरवशावर टाकून कामावर जाऊ नकोस,” नणंद फोनवर पुन्हा तेच म्हणाली.

“ताई, तुम्ही वर्षातून दोनदा येता, चार दिवस राहता आणि निदान करून जाता. मोठ्या डॉक्टरच लागून गेलात!” तिने फोन आपटलाच.

मनोरुग्णांना रोजची कामं पुन्हा शिकवणं हा तिचा पेशा. आणि तिला ही शिकवणार! सोमवारी नवऱ्याची रजा संपत होती. मग बाळ सासूबाईंपाशी. पाळणाघराचा विचारही तिला नको होता.

रुग्ण घरी राहू शकेल का, हे पाहायला तिने एक चाचणी बसवली होती. चहा करायचा, मधेच फोन घ्यायचा, गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावायच्या.

“ती खरंच तेच मोजते का, आधी सिद्ध कर,” विभागप्रमुख म्हणाले. “आजाऱ्याला कमी गुण, धडधाकटाला जास्त, एवढं तरी दिसू दे.”

जन्मात कप न विसळलेला माणूस!

तिने धडधाकट म्हणून सासूबाईंनाच बोलावलं. चाचणीही ठरेल, नणंदेचं तोंडही बंद होईल. गुण देणारी सहकारी काचेमागे बसणार. तिला नातं कळायला नको.

“तिथे ओळख दाखवायची नाही हं, आई.”

नवरा त्यांना रुग्णालयाच्या फाटकाशी सोडून गेला.

“या आजी, बसा.”

“थँक्यू, मॅडम.” इतक्या गंभीरपणे, की तिला हसू आवरेना.

दूध उतू गेलं नाही. फोन वाजला तसा सासूबाईंनी आधी गॅस बारीक केला, मग उचलला. गोळ्या बिनचूक लागल्या. शेवटी घरची चौकशी.

“घरी कोण कोण असतं?”

“मुलगा, सून, नातू. सून गुणाची आहे हो, पण जीभ म्हणजे कात्री! माझ्या लेकीला तर उभं-आडवं घेते.”

तिने ओठ चावला. काय बेरकी म्हातारी! संधी साधलीच.

गुण पडले पैकीच्या पैकी.

“हं,” विभागप्रमुख म्हणाले. “ओट्यापाशी जमलं. बाकीचं?”

“बाकीचं काय, सर? दोरीवरच्या उड्या मारायला लावू?”

नणंदेला तिने लगेच कळवलं: ‘तुमच्या आई पास. आता तुम्ही कधी बसताय परीक्षेला?’

बाहेर चाचणीला आलेली बाकीची मंडळी पांगली होती. सासूबाई बाकावर मांडीवर पर्स घेऊन एकट्याच बसल्या होत्या.

“झालं नाटक, आई. उठा, घरी जाऊ.” तिने त्यांचा हात धरला.

सासूबाईंनी तो हळूच सोडवून घेतला, पर्स पोटाशी धरली आणि अदबीने हसल्या.

“तुम्ही निघा, मॅडम. माझी सून येईल मला न्यायला. बाळ लहान आहे ना तिचं, होतो उशीर.”